पत्ता

विमानतळावरून टॅक्सी घेशील, तर रुवी म्हण.
गल्लीला नंबर आहे, निळ्या पाटीवर, चार आकडी,
पण सव्वीस वर्षांत तो मला
बँकेशिवाय कुणी विचारला नाही.

सांग, खल्फानच्या टपरीपाशी.
टपरी कधीच गेली. तिथं मोबाईलचं दुकान आहे, काचेचं.
तरी खल्फानच सांग.
ड्रायव्हर पन्नाशीचा असला तर मान हलवील,
तरुण असला तर आरशातून बघेल तुझ्याकडे.
मग त्याला मशिदीमागचा उतार सांग.
तिथं एका पावसात वादी आली होती.
इथं कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात.
मी नवा होतो. लोक ओरडले, वादी आली, वादी आली,
मला ऐकू आलं वाडी,
आणि मी विचारलं, कुणाची?
हुसेन मुकादमची करोला वाहत गेली त्या दिवशी
आणि खाली जाऊन उभी राहिली पार्किंगच्या रेषांत,
सरळ, जणू त्यानंच लावली.
हे ड्रायव्हरला सांगायचं नाही. हे तुला.

उतार संपला की बोर दिसेल.
खल्फान तिला सिद्र म्हणायचा, पानं कुटून केसांना लावायचा.
लाँड्रीवाला सैफुल म्हणतो कूल.
फोनवर सगळे एकच बोलतात: झाडाखाली.
शुक्रवारची भिशी तिथंच निघायची,
चिठ्ठ्या मुकादमच्या टोपीत.
रॉकी डिमेलोनं नोकरी गेल्याचं तिथंच सांगितलं
आणि वर सगळ्यांना समोसे.
सुमेध खरातचा बाप तिथंच गेला,
म्हणजे गेला दापोलीला,
पण आम्ही बसलो इथं, उजाडेपर्यंत,
आणि सैफुलनं दुकानाचा दिवा
रात्रभर चालू ठेवला, एकही कपडा नसताना.

झाडाला पाणी कुणी घालत नाही.
दुसरा मजला, डावी खिडकी, तिथला एसी ठिबकतो.
पाईप मी वळवला, नव्व्याण्णव साली,
खालच्यांच्या डोक्यावर पडतं म्हणून भांडण झालं होतं.
कुणी थुंकलेली आठळी असेल,
दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढी झाली.
मी सुट्टीवर गेलो की मुकादम किल्ली घेऊन यायचा,
दुपारभर एसी लावून झोपायचा.
झाडासाठी, म्हणायचा.
बिल माझं, झोप त्याची.
तोही गेला आता, मुलाकडे, मुंब्र्याला.

मागल्या मे महिन्यात गावी होतो.
रस्ता चौपदरी झालाय आपल्याकडचा.
पुलाखालून वळायचं की वरून, कळेना.
रिक्षातल्या पोरानं विचारलं, पावणे, कुणाकडे?
मी आडनाव सांगितलं. एके काळी तेवढं पुरायचं.
त्यानं मोबाईल पुढं केला,
म्हणाला, लोकेशन असेल ना?
मी खूप वेळ त्या नकाशाकडे बघत राहिलो,
आणि खरं सांगू,
बोट आपोआप रुवीवर गेलं.

तर, माझं कार्ड एकतीस तारखेला संपतं.
तेरा वेळा नवं केलं,
दर वेळी फोटोतले केस थोडे कमी.
आता कंपनी म्हणते, पुरे.
बरोबर आहे त्यांचं. मी पाहुणाच होतो, लिहून दिलेला,
शिक्का मारलेला.
फक्त ते झाडाला कुणी कळवलं नव्हतं.

चावी सैफुलकडे आहे.
गादी बरी आहे, सिलिंडर अर्धा.
नळाला आधी गरमच पाणी येतं, घाबरू नकोस.
एसी अठ्ठावीसवर ठेव, झेपेल तुला,
आणि जूनमध्ये बाहेर जाताना बंद करू नकोस.
कुणी विचारलं कुठं राहतोस,
तर नंबर सांगितलास तरी चालेल सुरुवातीला.

फेब्रुवारीत बोरं येतील.
आंबट आहेत, आधीच सांगून ठेवतो.